आम्हाला वाट दाखवू नका!

मंडळी, मराठीत सध्या सगळ्यात स्वस्त झालेला शब्द कुठला असं मला कुणी विचारलं, तर मी डोळे मिटून सांगेन, 'मार्गदर्शन'. करिअर मार्गदर्शन, स्पर्धा परीक्षा मार्गदर्शन, विवाहपूर्व मार्गदर्शन... परवा आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात 'उतारवय आनंदात कसं घालवावं' यावरसुद्धा मार्गदर्शन झालं. (वक्ते पंचेचाळिशीचे होते. असो.) प्रमुख पाहुणे आता भाषण करत नाहीत, ते 'मोलाचं मार्गदर्शन' करतात. अडतीस वर्षं माध्यमिक शाळेत मराठी आणि इतिहास शिकवून मी निवृत्त झाले, तेव्हा निरोप समारंभात माझ्याबद्दलही हेच म्हणाले. मी मनात म्हटलं, अहो, मी शिकवत होते!

तर अशाच एका पालक-मार्गदर्शनाला गेल्या महिन्यात सूनबाईंऐवजी मी गेले. विषय होता मुलं आणि व्हिडिओ गेम. वक्त्यांनी मोबाईलची नेहमीची निंदा केली (त्यातली अर्धी मलाही पटते) आणि शेवटी उदारपणे सांगितलं, की मुलांना खेळ द्यायचेच असतील तर असे द्या ज्यात प्रत्येक पायरीवर स्पष्ट सूचना असतात, मूल कुठे अडकत नाही, गोंधळत नाही. समोरचे सगळे पालक हे वहीत उतरवून घेत होते. प्रश्नोत्तरांना वेळ उरला नाही, म्हणून इथे लिहिते. माझं म्हणणं बरोबर उलट आहे. खेळ द्यायचाच असेल तर असा द्या, ज्यात मूल पहिला अर्धा तास नुसतं भांबावून उभं राहील.

आता तुम्ही म्हणाल, सत्तरी ओलांडलेल्या बाईंना यातलं काय कळतं? तर माझा नातू खेळतो आणि मी शेजारी वही घेऊन बसते. कंट्रोलर त्याच्या हातात, नकाशा माझ्या हातात. बोटं चालत नाहीत पण डोकं चालतं, मोतीबिंदूची दोन्ही ऑपरेशनं झालीत, दिसतं छान. गेली चार वर्षं आमचं हे चाललंय आणि तीन दोनशेपानी वह्या भरल्या आहेत.

पहिली वही सगळी 'मोरोविंड' या खेळाची. २००२ सालचा, बेथेस्डा नावाच्या अमेरिकन कंपनीचा. माझ्या मुलाने कॉलेजात असताना घेतलेली त्याची तबकडी घरात पडून होती. या खेळात तुम्ही कैदी म्हणून जहाजातून एका बेटावर उतरता. एक पुडकं हातात देतात आणि सांगतात, अमुक गावी जा, अमुक माणसाला भेट. बस्स. गाव कुठे? विचार कुणालातरी. मग लोक सांगतात ते कसं, तर आपल्याकडे एसटी चुकल्यावर टपरीवाला सांगतो तसं. या रस्त्याने जा, फाटा लागेल, डावीकडे वळ, पूल ओलांड, मग दगडांची रांग दिसेल. हे सगळं रोजनिशीत उतरतं, पण नकाशावर खूण म्हणाल तर उमटत नाही. दगडांची रांग तुमची तुम्हीच शोधायची. गंमत म्हणजे काही ठिकाणी सांगणारा चक्क चुकीचं सांगतो! ती कंपनीची चूक असेलही, पण नातू म्हणाला, "आजी, अगदी खऱ्या माणसासारखा आहे हा."

सुरुवातीलाच एक काम मिळतं. फार पूर्वी नाहीशा झालेल्या बुटक्या लोकांच्या एका उद्ध्वस्त वास्तूतून एक लहानशी कोड्याची पेटी आणायची. वास्तू डोंगरात आहे, तिथवर कसंबसं पोचलो, आणि दारच नाही! तीन संध्याकाळी आम्ही त्या खडकाभोवती घिरट्या घातल्या. चकवा लागल्यासारखं. चौथ्या दिवशी नातवाला जवळच्या एका पाइपावर फिरवायची मूठ दिसली. ती फिरवली आणि समोरचा खडक उघडला. तेव्हा तो जे ओरडला, ते ऐकून खालच्या मजल्यावरचे कुलकर्णी वर आले, काय झालं म्हणून. (आत ती पेटी इतकी लहान, की एका फळीवर ठेवलेली शोधायला अजून एक संध्याकाळ गेली.)

आणि एक. त्याच खेळात पहिल्या गावाबाहेर थोडं चाललं की आभाळातून किंचाळी ऐकू येते आणि एक मांत्रिक धप्पकन समोर येऊन पडतो. मेलेला. त्याच्याजवळ तीन गुंडाळ्या सापडतात. त्यातली एक वापरून उडी मारली की आपणही मैलभर उंच जातो... आणि खाली येताना काय होतं ते त्या मांत्रिकाने आधीच दाखवलेलं असतं! हे कुणी 'करा' म्हणून सांगत नाही. तुम्ही दुसऱ्या रस्त्याने गेलात तर हा प्रसंग तुमच्या वाट्याला येतच नाही. मला विचाराल तर या एका मांत्रिकात माझ्या आयुष्यात ऐकलेल्या सगळ्या मूल्यशिक्षणाच्या तासांपेक्षा जास्त शिक्षण आहे.

पुढे काय झालं बघा. याच कंपनीने २००६ साली याच मालिकेतला पुढचा खेळ काढला, 'ऑब्लिव्हियन'. पडद्यावर होकायंत्र आलं आणि त्यात एक बाण. बाणाकडे तोंड करून चालत राहा, पोचाल. बाण एवढा हुशार की अंधाऱ्या भुयारातली वस्तूसुद्धा दाखवतो. का केलं असेल असं? मोरोविंडमधले बहुतेक संवाद वाचायचे होते, ऑब्लिव्हियनमध्ये सगळेच संवाद बोललेले आहेत. 'डावीकडे वळ, पूल ओलांड' हे एवढं सगळं नटांकडून वदवून घेण्यापेक्षा बाण स्वस्त पडतो, असा माझा आपला कयास. पण परिणाम असा झाला की लोकांनी रस्ता सांगणंच सोडून दिलं. २०११ च्या 'स्कायरिम'मध्ये तर कितीतरी कामं अशी आहेत की गुहेचं नाव सांगतात आणि गप्प बसतात. गुहा कुठल्या दिशेला, कुणी बोलायचं नाही! मग शहाणी माणसं सांगतात, "बाण नको असेल तर बंद करा की." अहो, बंद करून काय करू? बाणासाठी बांधलेल्या जगातून बाण काढला तर उरतो तो निव्वळ अंधार. स्वयंपाक येत नाही आणि हॉटेलही बंद, अशी गत. वाट न दाखवणारं जग आधी तसं बांधावं लागतं. तिथला डोंगर ओळखू यावा लागतो, माणसांना बोलता यावं लागतं.

आणि हल्ली तर बाणाचीही कमाल झाली. २०२३ साली नव्याने निघालेल्या 'रेसिडेंट ईव्हिल फोर'मध्ये फोडायच्या खोक्यांवर पिवळा रंग फासलेला. २०२४ च्या 'फायनल फँटसी सेव्हन रिबर्थ'मध्ये चढायच्या कड्यांवर पिवळा रंग. त्यावरून खेळणाऱ्यांत मोठं रणकंदन झालं. कंपन्यांची बाजूही समजून घ्यायला हवी. चित्रं आता इतकी बारीक आणि भरगच्च झाली आहेत की कुठला दगड नुसता शोभेचा आणि कुठल्यावर पाय ठेवता येतो हे कळतच नाही. ठीक. सह्याद्रीत ट्रेकवाले खडकांवर रंगाने बाण काढतात, तेही मी समजू शकते, तिथे वाट चुकली तर माणूस जिवानिशी जाईल. पण खेळात पडलो तर काय होतं? पुन्हा उठतो! जिथे चुकण्याची किंमत शून्य आहे तिथे तरी चुकू द्या ना.

मुळात या खेळांचा जन्मच हरवण्यातून झाला आहे. १९७०च्या दशकाच्या मध्यावर विल क्रॉथर नावाच्या अमेरिकन माणसाने संगणकावर 'अ‍ॅडव्हेंचर' नावाचा, चित्रांचा नव्हे, नुसत्या शब्दांचा खेळ लिहिला. हा गृहस्थ केंटकीमधल्या मॅमथ केव्ह या अवाढव्य गुहांत उतरून त्यांचे नकाशे काढणाऱ्यांपैकी. घटस्फोटानंतर आपल्या मुलींना खेळायला काहीतरी द्यावं म्हणून त्याने ती गुहाच शब्दांत उतरवली. दुसरे जपानचे शिगेरू मियामोतो. क्योतोजवळच्या सोनोबे गावात लहानपणी रानात भटकताना त्यांना एक गुहा सापडली आणि धीर गोळा करून ते कंदील घेऊन आत गेले. १९८६ साली निघालेला त्यांचा 'द लेजंड ऑफ झेल्डा' हा त्या पोरवयातल्या भटकंतीचा खेळ, असं त्यांनीच अनेकदा सांगितलं आहे. त्या कंदील घेतलेल्या पोराच्या मागे कुणी मार्गदर्शक नव्हता. असता तर म्हणाला असता, आत जाऊ नका, आणि जायचंच असेल तर उजव्या भिंतीला धरून सतरा पावलं चला!

आता कुणी म्हणेल, बाई, तुम्ही शिक्षिका असून 'शिकवू नका' म्हणता? नाही हो. इथेच तर सगळा घोटाळा होतो. शिकवणं आणि उत्तर सांगणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि हे ज्याला कळत नाही त्याने फळ्यापाशी उभं राहू नये. मियामोतोंचाच १९८५ चा 'सुपर मारिओ ब्रदर्स' घ्या. पहिल्या पडद्यावर एकही सूचना नाही. डावीकडे मारिओ, उजवीकडे मोकळी जागा, म्हणजे आपोआप उजवीकडे जाणं आलं. समोरून एक मशरूमसारखा प्राणी चालत येतो. त्याला धडकलात तर मेलात, फक्त पाच सेकंदांचं नुकसान. दुसऱ्या वेळी तुम्ही उडी मारता. वर प्रश्नचिन्हाची चौकोनी पेटी चमकत असते, उडी मारताना डोकं आपटतं, नाणं मिळतं. पुढच्या पेटीतून मशरूम निघतो आणि तो अशा जागी येतो की चुकवू म्हटलं तरी बहुतेक वेळा अंगावर येतोच, मग कळतं की हा मित्र. दोन मिनिटांत चार धडे, आणि शिक्षक कुठेही दिसत नाही. पाठाचं टाचण म्हणून मी हे डी.एड.च्या मुलांना दाखवलं असतं.

आपल्याकडे ताराबाई मोडकांनी हेच केलं. १९४५ पासून बोर्डीला आणि मग कोसबाडला आदिवासी मुलांमध्ये काम करताना त्यांनी आणि अनुताई वाघांनी साधनं मांडून ठेवली, मूल घेतंय काय आणि करतंय काय ते बाजूला बसून पाहिलं. गुरं राखायला जाणारी मुलं शाळेत येत नाहीत तर शाळाच कुरणात नेली. मॉन्टेसरीबाईंच्या त्या लाकडी दट्ट्या आठवा, दट्ट्या चुकीच्या भोकात घातली की शेवटी एक उरते, बसत नाही. मुलाला 'चूक' म्हणावं लागत नाही, ती लाकडाची दट्ट्याच सांगते. त्या वक्त्यांच्या 'प्रत्येक पायरीवर सूचना' म्हणजे मुलाचा हात धरून दट्ट्या भोकात बसवून देणं आणि मग पालकसभेत सांगणं, बघा, तुमचं मूल किती हुशार!

शाळांमधून आम्ही हेच तर केलं. मी शिकवत होते त्या एका शाळेत धडा सुरू होण्याआधी मुलांच्या दप्तरात गाईड असायचं. कवितेवर प्रश्न विचारला की चाळीस हात वर, आणि चाळीस तोंडी एकच वाक्य. 'कवीला निसर्गाची ओढ आहे.' एकदा नववीत मी गाईडात नसलेली कविता फळ्यावर लिहिली, तर पहिल्या बाकावरच्या मुलीला रडू आलं. 'बाई, याचं उत्तर कुठे आहे?' दुसऱ्या दिवशी तिचे वडील मुख्याध्यापकांकडे! आणि मुख्याध्यापकांनी मला बोलावून सांगितलं, 'परीक्षेच्या दृष्टीने बघा जरा.' तो पिवळा रंग आम्ही फार आधीपासून फासत आलो आहोत.

म्हणून मला 'आउटर वाइल्ड्स' हा खेळ फार मोठा वाटतो. २०१९ चा. अ‍ॅलेक्स बीचम नावाच्या विद्यार्थ्याचा अमेरिकेतल्या विद्यापीठातला पदव्युत्तर प्रकल्प म्हणून सुरू झाला आणि पुढे २०२० साली त्याला सर्वोत्तम खेळाचा बाफ्टा पुरस्कार मिळाला. छोटीशी सूर्यमाला, एक लाकडी यान, आणि बावीस मिनिटांनी सूर्याचा स्फोट. सगळं संपतं आणि तुम्ही पुन्हा पहिल्या जागी जागे होता. या खेळात शस्त्र मिळत नाही, पैसे मिळत नाहीत, ताकद वाढत नाही. एका फेरीतून दुसऱ्या फेरीत तुमच्याबरोबर येतं ते फक्त तुम्हाला काय कळलं तेवढंच. एका जुळ्या ग्रहावरून दुसऱ्यावर वाळू ओतत असते, एक रिकामा होत जातो तसे त्याच्यात गाडलेले दरवाजे उघडे पडतात, दुसऱ्याच्या गुहा बुजत जातात. म्हणजे कुठे जायचं इतकाच प्रश्न नाही, केव्हा जायचं हाही आहे. सगळं आधीच ठाऊक असेल तर पहिल्याच बावीस मिनिटांत खेळ संपवता येतो. कुलूप कुठेच नाही, अज्ञान हेच कुलूप! आम्हाला दोन महिने लागले. आणि या खेळाचं उत्तर तुम्हाला कुणी सांगितलं तर तो खेळ तुमच्यापुरता कायमचा मेला, कारण 'विसरून जाऊ' असं ठरवता येत नाही. गाईडाने काय नासतं हे ज्याला बघायचं असेल त्याने हा खेळ बघावा.

एक मुद्दा आम्हा मराठी माध्यमवाल्यांसाठी. 'एल्डन रिंग' या खेळाचे दिग्दर्शक हिदेताका मियाझाकी लहानपणी गरिबीत वाढले. पुस्तकं वाचनालयातून आणत, आणि इंग्रजी अद्भुतकथा आपल्या कुवतीपलीकडच्या असल्या तरी वाचत. जे कळत नसे ती जागा चित्रांकडे बघून स्वतःच्या कल्पनेने भरून काढत. त्यांच्या खेळांतली गोष्ट म्हणूनच अशी तुकड्यातुकड्यांत, अर्धी झाकलेली असते. हे वाचलं तेव्हा मला माझं बी.ए.चं पहिलं वर्ष आठवलं. सक्तीचं इंग्रजी, ओळीत चार शब्द अनोळखी, कोश एकच आणि तो ग्रंथालयात साखळीने बांधलेला. न कळलेल्या जागा भरत भरतच आम्ही वाचायला शिकलो. पूर्ण कळलेलं पुस्तक मला आज आठवत नाही, अर्धी कळलेली सगळी आठवतात.

धंद्याच्या गोष्टी करणाऱ्यांसाठी आकडे. असे खेळ विकले जात नाहीत, लोकांना हात धरलेला आवडतो, असं म्हणतात ना? 'एल्डन रिंग' फेब्रुवारी २०२२ मध्ये निघाला, तीन आठवड्यांत एक कोटी वीस लाख प्रती आणि वर्षभरात दोन कोटी. (त्यात सोनेरी प्रकाशाची एक पुसट रेघ दिशा सुचवते, नाही म्हणत नाही, पण तेवढंच. आणि सुरुवातीलाच रस्त्यावर घोड्यावरचा सोनेरी शिलेदार उभा असतो, जो तुम्हाला चिरडतो. वळसा घालून जा, नंतर परत ये, हे तो एक शब्द न बोलता शिकवतो.) २०१७ चा झेल्डा, 'ब्रेथ ऑफ द वाइल्ड', तीन कोटींच्या वर गेला. त्यात उंच मनोऱ्यावर चढलं की प्रदेशाचा नकाशा मिळतो, पण कोरा. काय बघण्यासारखं आहे ते दुर्बिणीतून तुम्ही शोधायचं आणि खूण तुम्ही करायची. जवळजवळ प्रत्येक कडा चढता येतो, म्हणून रंग फासायची गरजच पडत नाही!

दिवसभर राबून आलेल्या माणसाला मिळतो एकच तास, त्याने तो दार शोधण्यात का घालवावा, हा आक्षेप मात्र मी हसण्यावारी नेणार नाही. त्याला बाण हवा असेल तर जरूर द्या. २०१८ च्या 'असॅसिन्स क्रीड ओडिसी'ने सुरुवातीलाच विचारलं, बाण हवा की वर्णनावरून शोधाल? आणि शोधणाऱ्यांसाठी वर्णनं खरोखर लिहिली. हे मला मान्य आहे. तसंच दिसण्यासाठीची मदत वेगळी. मोठी अक्षरं द्या, रंग ठळक करा, माझ्यासारख्यांना ती हवीच आहे. पण डोळ्याला दिलेला चष्मा आणि डोक्याला लावलेली झापड यातला फरक ओळखा. आणि दमलेल्या बापाची सोय ती बारा वर्षांच्या पोराची सक्ती का? त्या पोराला तर वेळच वेळ आहे... म्हणजे असायला हवा.

खरं दुखणं हे आहे. आमच्या कॉलनीतलं कुठलंही पोर घ्या. शाळेत बसने जातं, क्लासला आईच्या स्कूटरवर जातं, फोनमधून ते कुठे आहे हे घरच्यांना दर मिनिटाला दिसतं. मी दहा वर्षांची असताना गावच्या ओढ्याने चालत चालत दुसऱ्याच गावात निघाले होते, संध्याकाळी बैलगाडीतून परत आणून सोडलं. आज कुठली आई हे चालू देईल? मीही देणार नाही, रस्त्यावरची वाहनं बघता. म्हणजे आजच्या मुलाला हरवायला जागाच कुठे उरली? एक पडदा उरला होता. तिथेही मोठी माणसं रंगाचे डबे घेऊन पोचली आहेत, आणि पालकसभेत त्याचं कौतुक होतंय.

त्या सभेतल्या दोन-तीन आयांनी नंतर जिन्यात मला गाठलं, "बाई, मग कुठला खेळ देऊ?" मी नाव सांगितलं, आणि घरात नेट असलं तरी उत्तरं शोधायची नाहीत एवढी एकच अट घातली. त्यातल्या एकीचा रोज फोन येतो. मुलगा त्या खडकापाशी अडकलाय, चार दिवस झाले, दार सापडत नाही, चिडचिड करतो, जेवताना कागदावर काहीतरी रेघोट्या काढत असतो. "फक्त डावीकडे की उजवीकडे एवढं तरी सांगा." मी तिला कोथिंबिरीच्या वडीची कृती सांगते.